रुळांकाठची सदनिका : हिशेब भाड्याचा आणि झोपेचा

निवृत्तीच्या सुमारास भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हाती येते, आणि त्याच सुमारास घरात एक प्रश्न हमखास निघतो : हे पैसे बँकेत ठेवायचे, की एखादी लहानशी सदनिका घेऊन ती भाड्याने द्यायची? ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर या पट्ट्यात शोध सुरू केला की दलाल दाखवतो त्या घरांपैकी एक-दोन तरी रेल्वेच्या रुळांना लागून असतात. किंमत आजूबाजूच्या इमारतींहून लक्षात येण्याइतकी कमी असते; भाडे मात्र, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, फारसे कमी नसते. तुम्ही खिडकीकडे पाहून थोडे घुटमळलात की तो म्हणतो, “काका, आवाजाची सवय होते हो. आणि तुम्हांला कुठे तिथे राहायचंय?”

वाचकहो, आरोग्याच्या पाक्षिकात घरखरेदीचा विषय आला तो या दोन वाक्यांमुळे. दोन्ही वाक्ये ऐकायला शहाणपणाची वाटतात. दोन्ही तपासून पाहण्याजोगी आहेत, आणि तपासताना वैद्यकाचा संबंध येतोच.

आधी सवयीविषयी. रुळांकाठी जन्म काढलेली माणसे सांगतात की गाडीचा आवाज आता कानांवर येतच नाही. ती खोटे बोलत नाहीत. तोच तो आवाज वारंवार येऊ लागला की मेंदू त्याची दखल घेणे कमी करतो आणि काही आठवड्यांत माणूस दचकून जागा होईनासा होतो. परंतु ही सवय जाणिवेची असते. डोळ्यांना पापण्या आहेत तशा कानांना नाहीत. झोपेतही कान चालूच राहतात. निद्रेत असलेल्या माणसांच्या नाडीची आणि रक्तदाबाची नोंद घेतली असता असे आढळते की गाडी गेल्यावर माणूस जागा झाला नाही तरी हृदयाची गती काही क्षण वाढते, रक्तदाब चढतो, गाढ झोपेची पातळी उथळ होते. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. ‘छान झोप झाली’ असे तो म्हणतो आणि दुपारी खुर्चीत डुलक्या घेतो. मनाला सवय होते. शरीराला ती तितकीशी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी पर्यावरणीय आवाजाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रेल्वेचा आवाज घराबाहेर मोजला असता रात्रीच्या वेळी सरासरी ४४ डेसिबलच्या खाली असावा, अशी शिफारस त्यांत आहे. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या काळात ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. आता प्रत्यक्ष पाहा. रुळांपासून पंचवीस-तीस मीटरवर, वेगात जाणाऱ्या गाडीचा आवाज ८० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरतो. उघड्या खिडकीतून आत येईतो तो दहा-पंधरा डेसिबलने उतरतो, म्हणजे खाटेपाशी ६५ तरी उरतो. दोन माणसांचे साधे बोलणे ६० च्या आसपास असते. गाडी जाईपर्यंत बोलणे थांबवायचे, हा रुळांकाठच्या घरांतला शिरस्ता त्यातूनच आलेला आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नियमांतले आकडे सरासरीचे असतात. दोन गाड्यांमधली शांतता त्यात मिसळली की सरासरी खाली येते. झोप मात्र सरासरीने मोडत नाही. ती एका मालगाडीच्या ब्रेकने मोडते.

पुराव्याच्या बाबतीत अतिशयोक्ती नको, म्हणून हेही सांगतो : वाहतुकीचा आवाज आणि हृदयविकार यांचा संबंध रस्त्यावरच्या आवाजाबाबत अधिक भक्कमपणे दिसून आला आहे. रेल्वेबाबत ठळक पुरावा आहे तो झोपमोडीचा आणि त्रासिकपणाचा. पण ज्याला आधीच उच्च रक्तदाब आहे, मधुमेह आहे, रात्री लघवीसाठी दोनदा उठावे लागते, त्याच्या दृष्टीने झोपमोड ही काही किरकोळ तक्रार नव्हे.

शिवाय वय वाढले की झोप मुळातच हलकी होते. गाढ निद्रेचा वाटा घटतो आणि पहाटेची जाग लवकर येते. ‘आजोबांना ऐकू कमी येतं, त्यांना काय त्रास?’ असे घरातली तरुण मंडळी म्हणतात, तेव्हा ती दोन गोष्टी विसरतात. उतारवयात प्रथम क्षीण होते ती उंच पट्टीच्या आवाजांची श्रवणशक्ती. गाडीची घरघर आणि भिंतीतून येणारा थरार हे खालच्या पट्टीचे, ते पोहोचतातच. दुसरे असे की अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम असह्य वाटतो. मधला पट्टा आक्रसलेला असतो. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना तर पार्श्वभूमीच्या गोंगाटात नातवंडांचे बोलणे वेचून काढणे फार जड जाते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला रात्री अचानक आलेल्या आवाजाचा अर्थ लागत नाही. तो घाबरतो, उठून चालू लागतो. त्याच्यामागून त्याची काळजी घेणारी पत्नी, मुलगी किंवा सून उठते. रुग्ण पुन्हा झोपतो, पण तिला झोप लागत नाही.

‘पण आम्ही तिथे राहणारच नाही’ असे तुम्ही म्हणाल. हे दलालाचे दुसरे वाक्य.

ज्येष्ठांच्या घरखरेदीमागे बहुधा एक न बोललेले कलम असते : आत्ता भाडे येईल, आणि उद्या वेळ आली तर आपणच तिथे जाऊन राहू. मुलाचा संसार वाढला, मोठे घर विकावे लागले, दोघांपैकी एकजण गेला, म्हणजे हे लहान घर कामी येईल. खरे तर हेच कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याचाच विचार सर्वांत कमी केला जातो. ती वेळ येईल तेव्हा तुम्ही आजच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी थकलेले असाल. आज साठाव्या वर्षी जो आवाज ‘चालण्यासारखा’ वाटतो तो पंच्याहत्तराव्या वर्षी, कदाचित एकट्याने, रात्रभर ऐकावा लागेल. त्यात उपनगरांतल्या पूर्व-पश्चिमेचे त्रांगडे आहेच. घर पूर्वेला आणि नेहमीचे रुग्णालय पश्चिमेला असेल तर मध्ये रूळ आले. पादचारी पुलाचे जिने गुडघ्यांना मानवत नाहीत, आणि रेल्वेचे फाटक असेल तर रुग्णवाहिकाही ते उघडेपर्यंत थांबते. घर पाहायला जाल तेव्हा जवळच्या रुग्णालयापर्यंत एकदा रिक्षाने जाऊन यावे. किती मिनिटे लागली ते आवाजाइतकेच महत्त्वाचे.

आणि समजा, तुम्ही कधीच तिथे राहायला गेला नाहीत, तरी कोणीतरी राहणारच आहे. झोप त्याची मोडेल. भाडेकरू पुष्कळदा नवे जोडपे असते; वर्ष-दोन वर्षांत घरात तान्हे मूल येते, पुढे ते शाळेत जाते. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात एक सार्वजनिक शाळा उन्नत रेल्वेमार्गाला लागून होती. मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी तिथल्या मुलांच्या वाचनाची तुलना केली आणि १९७५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इमारत एक, शाळा एक. पण रुळांकडच्या वर्गांतली मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडलेली होती, आणि वरच्या इयत्तेत हे अंतर जवळजवळ वर्षभराचे होते. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते केली. १९८१ च्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता. या अभ्यासाचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो, कारण उपाय केला तर परिणाम परतवता येतो, असे तो सांगतो.

आता पैशांकडे वळू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तुमचे आकडे तुम्ही भरावेत. समजा सदनिका ५० लाखांची आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून ती ५४ लाखांच्या आसपास पडते. भाडे महिना १८ हजार म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले तर हाती १ लाख ९८ हजार येतात. सोसायटीची देखभाल ३० हजार. त्यात मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार आला, जो महाराष्ट्रात सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतो. मालमत्ता कर ८ हजार, रंगरंगोटी, दुरुस्ती आणि दलाली १२ हजार. उरले १ लाख ४८ हजार, म्हणजे गुंतवणुकीवर पावणेतीन टक्के. रुळांकाठच्या घराचा खरा खर्च इथे दिसतो. भाडेकरू अकरा महिन्यांतच कंटाळून निघून गेला आणि घर आणखी दोन महिने रिकामे पडले, की ३६ हजार गेले आणि परतावा दोन टक्क्यांवर आला. खरेदीच्या वेळी मिळालेली सूट अशी हप्त्याहप्त्याने परत जाते. विकायला काढाल तेव्हा पुढचा ग्राहकही त्याच खिडकीत उभा राहून तितकीच सूट मागेल.

तुलनेसाठी सांगायचे तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला आणि एका व्यक्तीला तीत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. त्या दराने ३० लाखांचे वार्षिक व्याज २ लाख ४६ हजार होते. गुंतवताना चालू दर टपाल कार्यालयात विचारून घ्यावा. घराच्या बाजूनेही बोलायचे तर भाडे काळाबरोबर वाढते, व्याज ठरलेलेच राहते. भाड्याच्या उत्पन्नातून प्राप्तिकरासाठी ३० टक्के ठोक वजावट मिळते. जागेची किंमतही वाढू शकते. म्हणून घर घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. आवाजाची किंमत हिशेबात धरल्यावाचून ते घेऊ नये, एवढेच म्हणणे.

घ्यायचे ठरवलेच तर एक भेद आधी करावा : स्टेशनाची जवळीक आणि रुळांची जवळीक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भाडेकरू पैसे मोजतो ते पहिलीसाठी. स्टेशनापासून आठ-दहा मिनिटे चालत, पण मध्ये दोन-तीन इमारतींची रांग असलेले घर सहज भाड्याने जाते. दोन स्टेशनांच्या मधोमध रुळांना टेकलेल्या घरात स्टेशनाची सोय नसते आणि गाड्या तिथून पूर्ण वेगाने जातात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. समोर गाडी दिसत असेल तर आवाज सरळ येतो, आणि मध्ये भक्कम इमारत असेल तर तो पुष्कळ कमी होतो. झाडांच्या एका रांगेने मनाला बरे वाटते. आवाजात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. वरचा मजला शांत असतो ही समजूतही तपासून घ्यावी. रुळांकडेची भिंत खालच्या मजल्यांना थोडा आडोसा देते. चौथ्या-पाचव्या मजल्यावरून रूळ उघडे दिसतात. रुळांना वळण असेल तर चाके किंचाळतात. जिथे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते तिथे सांध्यांचा खडखडाट होतो. ‘सी/फा’ लिहिलेली पाटी दिसली तर पुढे फाटक आहे आणि चालकाने तिथे शिटी वाजवायचीच आहे, असे समजावे.

पाहायला जाण्याची वेळ मात्र दलालाच्या सोयीने ठरवू नये. तो बहुधा रविवारी दुपारी बोलावतो. उपनगरी मार्गांवर मेगाब्लॉक असतो तोही रविवारी दुपारीच. अशा वेळी ते घर जितके शांत भासते तितके आठवड्यात पुन्हा कधी भासत नाही. एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी जावे आणि एकदा रात्री अकरानंतर. लोकल मध्यरात्रीनंतर दोन-तीन तास थांबतात. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या थांबत नाहीत, आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर त्यांची ये-जा रात्रभर असते. शक्य असल्यास मालकाच्या परवानगीने एक रात्र तिथे झोपून पाहावे. पन्नास लाखांच्या व्यवहारात एक रात्र म्हणजे काही फार नव्हे. मोबाइलवरचे आवाज मोजणारे अ‍ॅप अंदाज देते, अचूक माप देत नाही. त्यापेक्षा रात्री किती वेळा जाग आली हे कागदावर लिहून ठेवावे. पहारेकऱ्याला आणि तळमजल्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावे की त्या घरात गेल्या पाच वर्षांत किती भाडेकरू झाले. दलाल सांगणार नाही ते हे दोघे सांगतील.

आणखी एक चौकशी कागदोपत्री करायची. रेल्वेहद्दीलगतच्या इमारतीला रेल्वेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते वकिलाकरवी पाहून घ्यावे. आणि रूळ आहेत तेवढेच राहतील असे धरून चालू नये. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हापासून या मार्गावर रूळ वाढतच आले आहेत. ठाणे ते दिवा या टप्प्यावरची पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. आज तीस मीटरवर असलेला रूळ उद्या पंधरा मीटरवर येणार आहे का, हे आज विचारता येते.

घर आधीच घेऊन झाले असेल तर खिडकीपासून सुरुवात करावी. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या फटींतूनच बराचसा आवाज आत येतो. रबराची पट्टी लावून घट्ट बसणारी, दुहेरी किंवा थर दिलेल्या जाड काचेची खिडकी हा खरा उपाय. जाड पडद्यांनी घुमारा कमी होतो, पण मालगाडीची घरघर कमी होत नाही. निदान झोपण्याच्या खोलीपुरता हा खर्च मालकाने करावा आणि तो भाडेकरू येण्यापूर्वी करावा. खिडकी बंद म्हणजे कोकणपट्टीच्या दमट हवेत वातानुकूलन आले, त्याचे वीजबिल भाडेकरूच्या माथी आले. तेव्हा भाडे ठरवताना तेही धरावे आणि घर दाखवताना त्याला रात्री येऊन पाहायला मोकळेपणाने सांगावे. आवाज ठाऊक असताना जो राहायला येतो तो टिकतो. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे.

ज्यांच्या घरात अशा ठिकाणी आजारी किंवा वृद्ध माणूस आत्ताच राहत आहे, त्यांच्यासाठी थोडे वेगळे सांगायला हवे. रुग्णाची खाट रुळांकडच्या भिंतीला टेकवू नये; मधल्या किंवा मागच्या खोलीत हलवावी, भले ती खोली लहान असो. पंख्याची संथ घरघर लहानसहान आवाज झाकते, शिटी झाकत नाही. आवाजामुळे झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना आवाजाची गोष्ट सांगावी. उतारवयात या गोळ्यांनी रात्री तोल जाऊन पडण्याचा आणि गोंधळण्याचा धोका वाढतो, आणि गोळीने गाडी थांबत नाही. कानांत घालायचे बोळे तरुण भाडेकरूला चालतील. ज्येष्ठांनी ते वापरण्यापूर्वी कानातला मळ तपासून घ्यावा. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीने रात्रीच्या पाळीत ते घालू नयेत, कारण गाडीबरोबर रुग्णाची हाकही बंद होईल. तिच्यासाठी आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कोणी जागावे आणि त्या रात्री तिने शक्य असल्यास बहिणीकडे किंवा शेजारच्या गल्लीत जाऊन झोपावे. ही सोय आधी ठरवून, कॅलेंडरवर वार लिहून ठेवावी. आयत्या वेळी ती कोणी करत नाही.